कलाभवनातले फाळके

दादासाहेब फाळके हे नाव निघाले की सर्वांना ३ मे १९१३ हा दिवस आठवतो. मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात त्या दिवशी 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि आपल्या देशातल्या चित्रपटधंद्याचा पाया घातला गेला, हे शाळकरी मुलेही सांगतात. पण त्या दिवशी फाळक्यांना त्रेचाळीस वर्षे पूर्ण होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. अर्धे आयुष्य उलटून गेले होते. या स्मरणिकेत आम्ही त्या अर्ध्या आयुष्याविषयी अंमळ जास्त लिहिणार आहोत. एक तर त्यातली बरीच वर्षे त्यांनी आपल्या बडोद्यात काढली, आणि बडोदेकरांना त्याचा विसर पडत चालला आहे. दुसरे असे की, सिनेमा हा या माणसाचा शेवटचा उद्योग होता. त्याचा जन्मभराचा विषय होता तो डोळा. चित्रासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला नेमके काय दिसते आणि जे दिसते ते त्याला खरे का वाटते, या एका कोड्याच्या पाठीमागे ते फोटोची काच, छापखान्याचा ठसा, नाटकाचा पडदा, जादूचा खेळ असे करत करत फिल्मपर्यंत पोहोचले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. घरात पुराण, पंचांग, पूजाअर्चा. मुलानेही भिक्षुकी किंवा शास्त्र्याचाच मार्ग धरायचा, असा तो काळ. पण दाजीशास्त्र्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली, बिऱ्हाड मुंबईला आले, आणि धुंडिराजाने १८८५ साली जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तिथे वर्षभर चित्रकलेचे धडे घेतल्यावर थोरले बंधू शिवरामपंत यांच्याबरोबर तो बडोद्याला आला.

त्या वेळचे बडोदे आपल्या आजोबा-पणजोबांचे. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याला बोलावून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणप्रसंगांची चित्रे काढून घेतली ती याच सुमारास. दमयंती, शंतनू, सीता ही मंडळी पहिल्यांदाच हाडामांसाच्या माणसांसारखी, सावल्यांसकट, तैलरंगात उभी राहिली. आणि १८९० साली महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी कलाभवन काढले. आज तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे, पण रिक्षावाल्याला अजूनही कलाभवन असेच सांगावे लागते. गज्जर स्वतः रसायनशास्त्राचे. कला आणि कारागिरी, रंग आणि रसायन यांत त्यांनी भिंत घातली नव्हती. सुतारकाम, विणकाम, रंगकाम, चित्रकला सगळे एका छपराखाली. फाळक्यांना असाच गुरू हवा होता. चित्रकला तर ते शिकलेच, शिवाय वास्तूंचे नमुने करायला शिकले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या त्यांच्या नमुन्याला सुवर्णपदक मिळाले. नाट्यगृह कसे असावे म्हणजे कुठल्या खुर्चीवरून काय दिसावे, हा विचार बाविसाव्या वर्षीच त्यांच्या डोक्यात होता, याची आम्ही इथे मुद्दाम नोंद करतो.

पण त्यांना वेड लागले ते फोटोचे. गज्जरांनी त्यांची आवड ओळखली, कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली, आणि तिरंगी ठसे करण्याची विद्या शिकायला त्यांना रतलामला धाडले. ही ठशांची विद्या काय होती हे थोडे सांगितले पाहिजे, कारण फाळक्यांचे पुढचे सारे त्यातून निघाले.

फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या अगणित छटा असतात. छापखान्याच्या ठशाला छटा कळत नाहीत. एक तर शाई लागते किंवा लागत नाही. मग फोटो छापायचा कसा? बारीक रेघांची जाळी असलेली काच मध्ये धरून मूळ चित्राचा पुन्हा फोटो घ्यायचा. चित्र ठिपक्याठिपक्यांत फुटते. गडद जागी ठिपके जाड, उजळ जागी बारीक. छापलेल्या कागदावर फक्त काळे ठिपके असतात, पण हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला गाल, डोळे, कपाळावरची सावली दिसते. कागदावर जे नाही ते डोळा स्वतःच्या पदरचे घालून पुरे करतो. तिरंगी छपाईत तर पिवळा, तांबडा आणि निळा असे तीन ठसे एकावर एक बसवले की हिरवे शेत आणि जांभळी पैठणी आपोआप दिसू लागते. ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले त्यांना एक गोष्ट पक्की कळली असणार : चित्र अर्धे कागदावर असते आणि अर्धे पाहणाऱ्याच्या डोक्यात. या अर्ध्या भागावर फाळक्यांनी पुढे संसार मांडला.

१८९५ साली ते गोध्र्याला गेले आणि तिथे त्यांनी फोटोग्राफीचा धंदा सुरू केला. चार-पाच वर्षे बरी गेली. मग १९०० चा प्लेग आला. त्यात पत्नी गेली, मूल गेले. तिशीत पोचलेला माणूस घर मोडून पुन्हा बडोद्याला आला आणि त्याने फोटोचे दुकान थाटले. ते चालले नाही. कारण मोठे विलक्षण आहे. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेल्याचे आयुष्य घटते, अशी वदंता शहरात पसरली होती. लोक दुकानाची पायरी चढेनात.

आज याला हसणे सोपे आहे. पण तिघांनी मिळून फोटो काढू नये, एकाला अपाय होतो, असे म्हणत चौथ्याला ओढून उभे करणाऱ्या आज्या आपल्यापैकी कितीतरी घरांत होत्या, आणि नव्या बाळाचा फोटो काढल्यावर मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या अजूनही आहेत. भीतीच्या मुळाशी एक खरी जाणीव होती : फोटोत जे उमटते त्याचा त्या माणसाशी काहीतरी जिवंत संबंध आहे. चित्रकाराने काढलेल्या तसबिरीविषयी असे कोणी म्हणत नव्हते. फाळक्यांनी सभांतून, बैठकीतून फोटोची बाजू मांडली, लोकांना समजावले. समजले तरी लोक यायचे ते आले नाहीत. शेवटी दुकान बंद झाले. आमचा तर्क असा की, या हानीतून ते एक मोठा धडा शिकले. जे चित्र पाहून माणूस घाबरू शकतो, तेच चित्र पाहून तो हातही जोडू शकेल.

दुकान बुडाल्यावर त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. सपाट कापडावर राजवाड्याचा लांबच लांब सोपा दाखवायचा, आणि तो पिटातल्या माणसालाही पटला पाहिजे. याच दिवसांत एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले. पुढे आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने ते खेळही करीत. जादूला आपल्याकडे नजरबंदी म्हणतात. शब्द फसवा आहे. जादूगार नजर बंद करत नाही. तो ती हवी तिथे वळवतो. डाव्या हाताकडे पाहायला लावून उजव्याने काम उरकतो. कॅमेऱ्याची चौकटही दुसरे काय करते? १९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या घरातल्या गिरिजा करंदीकर फाळक्यांच्या सरस्वतीबाई झाल्या. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

यानंतरची आठ वर्षे भराभर सांगण्यासारखी आहेत. १९०३ मध्ये सरकारच्या पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा म्हणून नोकरी; स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ मध्ये ती सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला. रविवर्म्याच्या छापखान्यासाठी काम केले. देवघरात आणि ओसरीवर ज्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी आपण पाहत आलो, त्या ज्या छापखान्यातून निघत, तिथल्या कामाला काही काळ फाळक्यांचाही हात लागला होता. छापखाना दादरला हलला, त्याचे लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाले, १९०९ मध्ये ते यंत्रे आणायला जर्मनीला जाऊन आले. धंदा उत्तम चालू लागला आणि भागीदारांशी बिनसले. फाळके अंगावरच्या कपड्यांनिशी म्हणावे तसे बाहेर पडले. हा त्यांचा स्वभावच. कामात तडजोड नाही, हिशेबात लक्ष नाही, आणि मन विटले की मागे वळून पाहणे नाही. भागीदार सगळेच दुष्ट होते असे आम्हांला वाटत नाही. अशा माणसाबरोबर भागीदारी करणे ही तारेवरची कसरत असणार.

१९११ साल. वय एक्केचाळीस, हातात काम नाही. गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ते मुलाला, भालचंद्राला घेऊन गेले. पडद्यावर जनावरे पळताना पाहून पोर घरी येऊन आईला सांगू लागले, तर घरात कोणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांना घेऊन गेले. ईस्टरचे दिवस होते, म्हणून त्या दिवशी ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट होता. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना त्याच्या जागी कृष्ण दिसत होता, राम दिसत होता, गोकुळ दिसत होते. ही गोष्ट त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवली, आणि ती फार वेळा सांगितली गेली आहे. तिच्यातला देशाभिमान सर्वांच्या लक्षात येतो. आम्हांला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. एकाच पडद्याकडे पाहत असताना भोवतालच्या प्रेक्षकांना एक दिसत होते आणि या माणसाला दुसरेच. ठिपक्यांतून चेहरा पाहणाऱ्या डोळ्याने आता परक्या चित्रातून आपले चित्र पाहिले.

मग त्यांना दुसरे काही सुचेना. रोज संध्याकाळी चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहायचे. घरी खेळण्यातला सिनेमा आणायचा, मेणबत्ती आणि भिंग लावून भिंतीवर चित्रे पाडायची, फिल्मचे तुकडे उजेडात धरून एकेक चित्र न्याहाळायचे. झोप जेमतेम तीन तास. सहा-सात महिन्यांत डोळ्यांनी दगा दिला. दोन्ही डोळ्यांना दिसेनासे झाले. ज्याने सारा जन्म पाहण्यावर काढला तो बेचाळिशीच्या उंबरठ्यावर अंधारात बसला. डॉक्टर प्रभाकरांनी निगुतीने उपचार केले, एकामागून एक चष्मे देऊन पाहिले, आणि दृष्टी परत आली. दुसरा कोणी असता तर त्याने कानाला खडा लावला असता. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला जायला निघाले.

लंडनमध्ये ओळखदेख नव्हती. बायोस्कोप नावाचे एक साप्ताहिक ते मुंबईत वाचत. ते सरळ त्याच्या संपादकाच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. केबर्न हे संपादक. त्यांनी आधी परावृत्त करून पाहिले, मग माणूस हटत नाही असे पाहून चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. वॉल्टनच्या स्टुडिओत फाळक्यांनी सगळे पाहून घेतले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि कोऱ्या फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवली, आणि दोन महिन्यांत परत आले.

यंत्रे आली. पैसे कोण देणार? लोकांना कथा सांगून उपयोग नव्हता. चलच्चित्र म्हणजे काय हे दाखवायला हवे होते. तेव्हा फाळक्यांनी जे केले ते आमच्या मते त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर काम. एका कुंडीत त्यांनी वाटाणे पेरले. समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिन्याहून अधिक काळ, रोज थोडी थोडी फिल्म फिरवून, ते कुंडीचे चित्र टिपत राहिले. पडद्यावर ते सगळे एखाद्या मिनिटात उलगडले. माती उकलली, कोंब वर आला, पाने सुटली, वेल सरसरत वर चढला. वाटाणा उगवताना आजवर कोणी पाहिला नव्हता. पेरल्याचे पाहिले होते, उगवलेला पाहिला होता. उगवणे हे डोळ्याच्या वेगात बसणारे नव्हतेच. इथे खोटे काहीच नव्हते, प्रत्येक चित्र अस्सल, आणि तरीही जे दिसत होते ते जगात कोणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसले नसते. 'अंकुराची वाढ' या नावाने ही फिल्म ओळखली जाते. ती पाहून पैसेवाल्यांच्या मनातली शंका फिटली आणि कर्ज मिळाले. उरलेल्यासाठी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले.

'राजा हरिश्चंद्र'च्या जुळवाजुळवीची हकिकत आता 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटामुळे घरोघरी माहीत आहे. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत काम करणारा अण्णा साळुंके फाळक्यांनी हेरला आणि दहाऐवजी पंधरा रुपये पगार कबूल करून उचलला. हरिश्चंद्र दत्तात्रय दामोदर दाबके, रोहिदास स्वतःचा भालचंद्र. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत, दिवसा पांढऱ्या चादरी धरून उन्हाचा उजेड नटांच्या तोंडावर फेकत, आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडत. कोरी फिल्म तेव्हा भोकांवाचून येई. ती सारी भोके या बाईच्या हातून गेलेली. भोक एका केसाने चुकले की चित्र पडद्यावर उडू लागते. पहिल्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते, आणि पुढेही आपण ते फारसे घेतले नाही.

चित्रीकरणातला एक प्रसंग सांगितला जातो. भालचंद्र खेळता खेळता दगडावर पडला, डोक्याला लागले, पोर बेशुद्ध. औषधपाणी झाले. सगळे म्हणाले, काम थांबवून मुंबईला परतू. कथेत रोहिदास मरून पडल्याचा प्रसंग होताच. फाळक्यांनी त्याच अवस्थेत मुलाला पुढ्यात ठेवून तो प्रसंग टिपला. प्लेगमध्ये एक मूल गमावलेला हा बाप. हे धैर्य म्हणावे की निष्ठुरपणा, यावर आमच्यात मतभेद झाले आणि ते मिटले नाहीत. एवढे खरे की, कॅमेऱ्यामागे उभ्या राहणाऱ्याला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच : समोरच्याला आधी पाहायचे की त्याच्या चित्राला?

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांनी चार रिळांचा, ३७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. मुंबईत तो उत्तम चालला. सुरतेला मात्र लोक येईनात. दोन आण्यांत सहा-सहा तास नाटक पाहायला मिळत असताना तासा-दीड तासाच्या चित्राला तीन आणे कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, किंमत फक्त तीन आणे! गर्दी उसळली. आम्ही हिशेब करून पाहिला. फुटाला सोळा चित्रे या मापाने ३७०० फुटांत एकोणसाठ हजारांवर चित्रे भरतात, म्हणजे फोटोंचा आकडा चोख आहे. दोन मैलांचे मात्र जादूगाराचे गणित. ३७०० फूट म्हणजे पाऊण मैलही होत नाही. पण त्या जाहिरातीत फाळक्यांनी लोकांना आपल्या खेळाचे मर्मच सांगून टाकले होते. पडद्यावर हलते काही नाही. हे सगळे स्थिर फोटो आहेत. हालचाल तुमच्या डोळ्यांत आहे. ज्या बडोद्यात एक फोटो काढून घ्यायला माणसे घाबरत होती, तिथून फार दूर नसलेल्या सुरतेत दहा-बारा वर्षांनी लोक सत्तावन्न हजार फोटो बघायला रांग लावून उभे राहिले.

पुढे नाशिक. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' झाले. १९१४ मध्ये चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तिथेच राहून काम करण्याची विनंती झाली, ती त्यांनी नाकारली. महायुद्धाने भांडवल आटले, तेव्हा आगकाड्यांची आरास एकेक चित्र टिपून नाचवणाऱ्या 'आगकाड्यांची मौज'सारख्या छोट्या फिल्म केल्या. मग १९१७ साली आला 'लंकादहन'. यात अण्णा साळुंकेच राम आणि तोच सीता. प्रेक्षकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. तरी पडद्यावर राम आला की लोक जोडे काढून ठेवत आणि हात जोडत. मद्रासकडे तर जमा झालेली नाणी बैलगाडीतून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली.

मारुतीचे उड्डाण, पाण्यातून वर येणारा कृष्ण, या गोष्टी त्या काळच्या हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर कशा साधत असत? एकाच फिल्मवर दोनदा चित्र घ्यायचे. पहिल्या वेळी काळ्या पडद्यापुढे एक भाग टिपायचा, हँडलच्या फेऱ्या मोजून फिल्म तेवढीच मागे घ्यायची, आणि उरलेल्या जागी दुसरे चित्र उतरवायचे. एक फेरी चुकली की देव भलत्याच ठिकाणी प्रकटायचा. 'श्रीकृष्णजन्म' या १९१८ च्या चित्रपटाचा जो भाग वाचला आहे त्यात कंसाचे डोके धडावेगळे होऊन वर जाते आणि पुन्हा जागेवर येते. चोहोकडून त्याला कृष्णच कृष्ण दिसू लागतात. ज्याच्या मनात भीती आहे त्याला सगळीकडे तीच मूर्ती दिसते, हे बडोद्यातल्या त्या बंद दुकानाच्या मालकापेक्षा कोणाला अधिक कळणार!

पण आम्हांला सर्वांत जास्त थक्क करते ते 'कालियामर्दन', साल १९१९. फाळक्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी यात कृष्ण झाली. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर ती मुलगी म्हणूनच दिसते. तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक भाव येतात : हसू, रुसवा, राग. मग बघता बघता तोच चेहरा मुकुट घातलेल्या बाळकृष्णाचा होतो. जादूगार आपली क्लृप्ती कधी उघड करत नाही, धंदाच बसेल. हे गृहस्थ खेळाआधीच सांगतात की, पाहा, ही माझी मुलगी आहे, आता तिला मी तुमच्यासमोर कृष्ण करतो. आणि करतात. आणि लोक नमस्कारही करतात. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक वेगळी फिल्मसुद्धा त्यांनी काढली होती. आपल्याला हे परके वाटू नये. गणपतीची मूर्ती शाडूची आहे, कुठल्या कारखान्यात रंगली, कितीला आणली, हे घरातल्या लहानग्यालाही माहीत असते, आणि प्राणप्रतिष्ठा झाल्यावर तोच लहानगा तिच्याकडे पाठ करून बसत नाही. माहीत असणे आणि मानणे ही दोन्ही एकाच डोळ्यात राहतात. त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्याच्या मुलाला हे कोणी शिकवावे लागले नसेल.

उतरता काळ लवकर आला. लोकमान्य टिळकांसारख्यांनीही फाळक्यांच्या कंपनीसाठी भांडवल उभे करण्यात लक्ष घातले होते. पण ते जमले नाही. अखेर पाच भागीदारांबरोबर १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. पैसा आला, त्याबरोबर हिशेबनीस आले, आणि पुन्हा तेच. फाळके सगळे सोडून काशीला जाऊन राहिले, तिथे 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, मग परत आले, आणि पुन्हा त्याच कंपनीसाठी चित्रपट केले. पण पूर्वीची रग राहिली नव्हती. १९३१ मध्ये 'आलमआरा' बोलू लागला. आतापर्यंत सारे डोळ्यावर होते, आता कान मध्ये आला. त्यांचा मूक 'सेतुबंधन' पूर्ण होईपर्यंत बाजार बदलला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूरच्या महाराजांच्या आश्रयाने कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी १९३७ साली 'गंगावतरण' केला. तो त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. वय सदुसष्ट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ पासून दिला जातो.

त्यांच्या कामातले फारच थोडे आज उरले आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. त्यांतही एक गंमत आहे. फाळक्यांनी १९१७ मध्ये हाच चित्रपट नव्याने काढला होता, आणि आपण पाहतो ती रिळे मूळ १९१३ ची नसून त्या दुसऱ्या चित्रपटाची आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. पहिल्या रिळाच्या आरंभी हरिश्चंद्राचे कुटुंब ज्या तऱ्हेने मांडले आहे त्यात रविवर्म्याचे चित्र ओळखू येते. चित्रपट कसे तयार होतात त्या फिल्मचाही तुकडा वाचला आहे. त्यात फाळके स्वतः दिसतात. हातात फिल्मची पट्टी आहे, आणि ते ती निरखून पाहत आहेत.